स्टेपनी सहज उतरावी, घट्ट बसावी

पिकअप किंवा छोट्या ट्रकची स्टेपनी बहुधा मागच्या बाजूला, चासीच्या दोन दांड्यांच्या मधोमध, हौद्याच्या खाली टांगलेली असते. त्यामुळे हौदा मालासाठी मोकळा राहतो आणि चाक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण रस्त्यावरचा सगळा चिखल, धूळ, खडी आणि पाणी याच जागी उडतं. गाडी धुताना पाण्याचा पाइप तिथपर्यंत क्वचितच पोचतो. वर्ष-दोन वर्षं कुणी हात लावत नाही. मग एखाद्या रात्री घाटात मागचं चाक बसतं आणि तेव्हाच कळतं, की स्टेपनी आहे, तिच्यात हवाही आहे, पण ती खाली यायला तयार नाही.

अशा वेळी अंगातल्या ताकदीचा फारसा उपयोग होत नाही. पहार, हातोडा आणि चार माणसं लावूनही गंजलेली साखळी हलत नाही, उलट विंचचे दात मोडतात. तीच यंत्रणा वर्षातून दोनदा उतरवून साफ केलेली असेल, तर एकटा माणूस अंधारातही ती थोड्या वेळात खाली आणू शकतो. हा लेख त्या कामाबद्दल आहे. त्यासाठी गॅरेजची गरज नाही. घरासमोरची सपाट जागा आणि एक मोकळी सकाळ पुरे.

यंत्रणा कशी चालते

चासीच्या आडव्या पट्टीवर एक छोटा विंच बसवलेला असतो. त्यातून साखळी किंवा पोलादी तारेची दोरी खाली येते. तिच्या टोकाला एक जाड प्लेट असते. ही प्लेट तिरकी करून डिस्कच्या मधल्या भोकातून घालायची, पलीकडे आडवी करायची आणि विंच फिरवला की चाक वर जातं. विंच फिरवण्यासाठी मागच्या बंपरमध्ये, नंबर प्लेटच्या आसपास किंवा मागच्या दारापाशी एक भोक ठेवलेलं असतं. जॅकसोबत मिळालेले रॉडचे तुकडे जोडून त्या भोकातून आत सरकवायचे, विंचच्या खोबणीत बसवायचे आणि हँडल फिरवायचं. बहुतेक गाड्यांत डावीकडे फिरवलं की चाक उतरतं आणि उजवीकडे फिरवलं की चढतं.

काही गाड्यांत विंच नसतो. एक बाजू बिजागरीवर आणि दुसरी लांब बोल्टवर, अशा लोखंडी कॅरिअरवर चाक आडवं ठेवलेलं असतं. तिथे अडकतो तो बोल्ट. दोन्ही प्रकारांचं दुखणं मात्र सारखंच आहे: उघडं लोखंड, सतत ओल आणि वर्षानुवर्षं न झालेली हालचाल.

तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे, चाकाचा वॉल वर ठेवायचा की खाली, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तिका मिळाली नसेल, तर पहिल्यांदा उतरवण्याआधी मोबाइलवर खालून दोन-चार फोटो काढून ठेवा. परत बसवताना तेच उपयोगी पडतात.

अडकते कशामुळे

पहिलं कारण अर्थात गंज. कोकणात आणि गोव्यात तो लवकर धरतो, कारण हवेतच खार असतो. मासे वाहणाऱ्या गाडीत तर हौद्याच्या फटींतून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी थेंबाथेंबाने नेमकं स्टेपनीवर गळत राहतं. या गाडीची साखळी देशावर भाजीपाला वाहणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी आधी खराब होते. डिस्क अलॉयची असेल तर आणखी एक भानगड असते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलीत एकमेकांना टेकून राहिले, की त्यांच्यामध्ये पांढरट थर जमतो आणि प्लेट डिस्कला चिकटून बसते.

दुसरं कारण चिखल. उताणी बसवलेली डिस्क खोलगट परातीसारखी असते. तिच्यात माती साचते, उन्हाळ्यात वाळून घट्ट होते आणि पावसाळ्यात पुन्हा ओली होऊन लोखंड खात राहते. विंचकडे जाणारी नळीही अशीच मातीने भरते. मग रॉड खोबणीपर्यंत पोचतच नाही आणि माणसाला वाटतं, विंच बिघडला.

तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्याकडे हौदा पुष्कळदा बाहेरून बांधून घेतला जातो. बांधणारा मागे पायरी लावतो, जादा बंपर लावतो, आडवी पट्टी मारतो. या सगळ्यात हँडलच्या वाटेत काहीतरी येतं. रॉड सरळ जात नाही, तिरका घालावा लागतो, आणि तिरक्या रॉडने विंचची खोबणी घासून गोल होते.

आधी घरी उतरवून बघा

गाडी रिकामी असताना सपाट, कडक जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, पहिल्या गियरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. या कामासाठी गाडी जॅकवर उचलायची नाही.

रॉड घालण्याआधी नळीतली माती पातळ सळईने मोकळी करा आणि पाण्याने धुवा. साखळी, विंच आणि मधल्या प्लेटवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून ब्रशने लावा. शक्य असेल तर हे आदल्या संध्याकाळी करा, म्हणजे तेल रात्रभर आत मुरतं.

आता हँडल हळू फिरवा. जड लागलं तर जोर लावू नका. थोडं मागे, थोडं पुढे, असं करत गंज मोडू द्या. चाक जमिनीला टेकलं आणि साखळी सैल पडली की थांबा. त्यापुढे फिरवत राहिलात तर काही विंचांमध्ये साखळी किंवा दोरी उलट्या बाजूने गुंडाळली जाते आणि तिथेच अडकते. प्लेट तिरकी करून डिस्कमधून काढा आणि चाक मागे ओढून घ्या.

चाक बाहेर आलं की त्याचीही तपासणी करा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरही काळाने कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर भरल्या गाडीला तो टायर लावू नये. हवा मोजा आणि मागच्या चाकाला भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या मापाइतकी भरून ठेवा. जास्त असेल तर वापरताना सोडता येते. कमी असेल तर रस्त्यावर भरणार कुठे?

तेल कुठे, ग्रीस कुठे

तारेच्या ब्रशने साखळीचा, प्लेटचा आणि कॅरिअरच्या बोल्टचा गंज खरवडून काढा. साखळीची एखादी कडी झिजून निम्मी झाली असेल, किंवा तारेच्या दोरीचे धागे सुटले असतील, तर तेलपाणी न करता ती बदला. धावत्या गाडीतून सुटलेलं चाक मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततं. पिकअपचं चाक पंचवीस-तीस किलोंचं असतं, हे विसरू नका.

विंचच्या दातांना आणि धुरीला चांगलं ग्रीस भरा. कॅरिअरच्या बोल्टच्या आट्यांना तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं, गंज न धरू देणारं ग्रीस लावा. असा बोल्ट वर्षभराने पान्याच्या पहिल्या झटक्याला सुटतो. साखळीला मात्र ग्रीसचा जाड थर नको, त्यावर धूळ बसून लेप तयार होतो. साखळीला तेल लावा, कपड्याने पुसून घ्या, राहील तेवढंच राहू द्या. समुद्रकाठच्या गाडीला थोडं ग्रीस चालेल, पण मग ते दर चार महिन्यांनी पुसून नव्याने लावावं लागेल.

अलॉय डिस्क असेल तर प्लेट जिथे टेकते तिथेही ग्रीसचा पातळ हात फिरवा. काही जण तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात. तसं करू नका. रबर दबतं, साखळी सैल होते आणि चाक हलू लागतं.

दोन जागी तेल-ग्रीस अजिबात जाऊ देऊ नका. एक म्हणजे टायरचं रबर. डिझेल आणि ऑइलने ते फुगतं आणि कमजोर होतं. दुसरी जागा म्हणजे डिस्कवर चाकाचे नट टेकतात ती. ती कोरडीच हवी.

थोड्या खर्चात होणाऱ्या सुधारणा

बंपरमधल्या भोकाला रबरी टोपण बसवा. एवढ्याशा टोपणाने नळीत जाणारी निम्मी माती थांबते. टोपण हरवू नये म्हणून त्याला तारेचा छोटा तुकडा बांधून ठेवा.

भोकाभोवती पांढऱ्या रंगाचं कडं काढा. रॉड खोबणीत नीट बसलेला असताना, बंपरच्या पातळीवर रॉडवरही पांढरी खूण करा. रात्री टॉर्च तोंडात धरून आत काय चाललंय ते शोधावं लागणार नाही. खूण बंपरशी आली म्हणजे रॉड जागेवर बसला.

रॉडचे सगळे तुकडे, हँडल आणि व्हील पाना एकाच कापडी पिशवीत बांधून सीटमागे ठेवा. एक तुकडा जरी घरी राहिला, तरी बाकीच्यांचा काही उपयोग नाही. त्याच पिशवीत टोकाला आकडा असलेली हातभर लांब सळई ठेवा. खाली उतरलेलं चाक तिने ओढून घेता येतं, गाडीखाली सरकावं लागत नाही. गोणपाट आणि जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा हेही सोबत असावं.

मागच्या चाकांकडून उडणारा चिखल अडवायला स्टेपनीच्या पुढच्या बाजूला जाड रबराचा पडदा लावता येतो. कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा यासाठी उत्तम. तो सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि चासीवर आधीपासून असलेल्या भोकांत बोल्टने बसवा. त्यासाठी चासीला वेल्डिंग करू नका आणि नवं भोकही पाडू नका, त्या जागी चासी कमजोर होते. मासळीची गाडी असेल तर त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे हौद्याचं पाणी एका नळीने बाजूला काढणं. स्टेपनीवर खारं पाणी पडणंच बंद झालं, की निम्मं दुखणं संपतं.

स्टेपनी चोरीला जाते म्हणून अनेक जण जादा साखळी आणि कुलूप लावतात. ते करावंच, पण कुलूपही गंजतं. जुन्या ट्यूबचा तुकडा त्यावर झाकणासारखा बांधा, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा आणि किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात ठेवा.

नवीन हौदा बांधून घेत असाल तर ही गोष्ट कारागिराला पहिल्याच दिवशी सांगा. पायरी, बंपर, पट्टी काहीही लावा, पण हँडलची वाट सरळ राहिली पाहिजे आणि चाक मागून बाहेर यायला जागा उरली पाहिजे. पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर एकदा स्टेपनी उतरवून आणि चढवून बघा.

हँडलऐवजी ड्रिल मशिन किंवा हवेचा पाना लावण्याचा मोह टाळा. विंच हाताच्या गतीसाठी बनवलेला असतो. मशिनचा झटका बसला की दात उडतात किंवा दोरी तुटते. गाडीच्या पुस्तिकाही याला मनाई करतात.

रस्त्यावर उतरवताना

गाडी वाहतुकीपासून जितकी बाजूला घेता येईल तितकी घ्या. फाटका टायर वाचवण्यासाठी वळणावर थांबू नका. हळूहळू चालवत सपाट जागा गाठा. चारही इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण मागे अंतरावर ठेवा, गाडीतल्या माणसांना रस्त्याच्या कडेला उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल आणि जागा धोक्याची वाटली, तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

पुढचा क्रम मात्र पक्का ठेवा. गाडी चारही चाकांवर उभी असतानाच आधी स्टेपनी खाली घ्या. मग बसलेल्या चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. त्यानंतर जॅक लावा. उलट केलंत तर जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालून स्टेपनी ओढावी लागते, आणि याच वेळी अपघात होतात.

कधी कधी मागचं चाक बसलेलं आणि वर भरलेला माल, यामुळे गाडी इतकी खाली येते की स्टेपनी बाहेर सरकत नाही. तेव्हा फळीवर जॅक ठेवून गाडी गरजेपुरती उचला आणि आकड्याच्या सळईने चाक ओढा. हात, डोकं, खांदा यांतलं काहीही गाडीखाली जाता कामा नये.

स्टेपनी बाहेर आली की ती जॅकजवळ चासीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, जमिनीवर आदळणार नाही. बसलेलं चाक काढलं की ते तिथे ठेवा आणि स्टेपनी लावायला घ्या.

परत बसवताना

स्टेपनी पडण्याच्या बहुतेक घटनांमागे घाईत केलेली बसवणी असते. पंक्चर काढून झाल्यावर दुकानातल्या मुलाने चाक वर चढवलं आणि आपण पैसे देऊन निघालो, असं करू नका. पाच मिनिटं स्वतः बघा.

चाक पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उताणं किंवा पालथं ठेवा. प्लेट डिस्कच्या भोकातून पलीकडे काढून पूर्ण आडवी बसली आहे ना, हे हाताने चाचपून बघा. साखळीला पीळ राहू देऊ नका. चाक वर जाताना एका बाजूला झुकत असेल तर थांबा, खाली घ्या, पुन्हा सुरुवात करा. झुकलेलं चाक वर गेल्यावर आपोआप सरळ होत नाही.

हँडल घट्ट होईपर्यंत फिरवा. बऱ्याच विंचांमध्ये शेवटी कट् असा आवाज येतो किंवा हँडल निसटल्यासारखं वाटतं. ती पूर्ण बसल्याची खूण. मग चाक दोन्ही हातांनी हलवून बघा. हललं तर ते बसलेलं नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा हलवून बघा.

पंक्चर झालेलं, हवा नसलेलं चाक खाली टांगण्यापेक्षा हौद्यात बांधून नेलेलं बरं. हवा भरलेला टायर वर चासीला दाबून बसतो, म्हणून स्थिर राहतो. बसलेला टायर तसा दाबला जात नाही आणि डुलत राहतो. हौद्यात न्यायचं ठरवलं तर रिकामी साखळी हाताने ताणून धरत वर गुंडाळून घ्या. सैल गुंडाळली तर विंचमध्ये गुंता होतो, आणि लोंबती ठेवली तर रस्त्याला घासते.

अडकलीच तर

हँडल फिरतं पण चाक उतरत नाही, असं झालं तर साखळीवर ताण राहून काहीतरी धरून बसलंय. जादा जॅक किंवा ठोकळ्यांनी चाकाला खालून किंचित उचला, म्हणजे साखळीवरचा ताण जाईल. मग हँडल थोडं उलटसुलट फिरवा, प्लेटवर स्प्रे मारा, बाजूने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्या. हे सगळं गाडी चारही चाकांवर उभी असतानाच करा आणि स्वतः चाकाच्या बरोबर खाली येऊ नका, कारण सुटताना ते एकदम सुटतं.

गॅसची बत्ती लावून लोखंड तापवणं हा गॅरेजमधला ठरलेला उपाय इथे चालणार नाही. शेजारी टायर असतो आणि पुष्कळ गाड्यांत डिझेलची टाकीही लांब नसते. बंद टायर तापला की फुटू शकतो. काहीच जमलं नाही तर चाकाला खालून आधार देऊन साखळी कापावी लागते. ते काम माहितगार माणसाकडून, दिवसा, गॅरेजमध्ये करून घ्यावं.

मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी. १०.००-२० आकाराचं चाक डिस्कसह शंभर किलोच्या आसपास जातं आणि सहसा चासीच्या बाजूला कॅरिअरमध्ये असतं. ते एकट्याने हाताळू नये. चालक आणि क्लीनर दोघांनी मिळून, पहार आणि फळीचा उतार लावून, चाकाच्या मागे न उभं राहता खाली घ्यावं.

दोन दिवस ठरवून टाका

वर्षात दोन वेळा नक्की करा. एक, मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस. दुसरी, पावसाळा संपल्यावर, खंडेनवमीला. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हार घालतो, पान्यांची आणि हत्यारांची पूजा करतो. त्याच सकाळी स्टेपनी उतरवा, धुवा, हवा बघा, साखळीला तेल द्या आणि पुन्हा घट्ट बसवा. समुद्रकाठच्या आणि मासळीच्या गाड्यांनी हे दर चार महिन्यांनी करावं.

गाडी तुमच्याशिवाय दुसरं कुणी चालवत असेल, मुलगा असो, भाऊ असो की पगारी चालक, तर हे काम त्याच्या हातून करून घ्या. तुम्ही फक्त शेजारी उभं राहा. रॉड कुठे जातो, किती फिरवायचा, प्लेट कशी निघते, हे सांगून कळत नाही, एकदा करावंच लागतं. येत्या रविवारी गाडी अंगणात उभी असेल, तेव्हा हँडल हातात घ्या आणि स्टेपनी एकदा खाली आणून बघा.